धागा: ख्रिस्त एकमेव महायाजक, मग मंडळीत याजक कशासाठी? (शास्त्र आणि प्रत्यक्ष उपासना)

कृष्णाकाठ

इब्री लोकांस पत्र सरळ वाचले तर हा विषय सातव्या अध्यायातच मिटायला हवा. मृत्यू आडवा येई म्हणून लेवीय याजक (लेवी वंशातले, जुन्या करारातले) एकामागून एक होत गेले. ख्रिस्त सर्वकाळ राहतो म्हणून त्याचे याजकपण दुसऱ्या कुणाकडे जात नाही (७:२३-२४). दहाव्या अध्यायात तर फरक शरीराच्या ठेवणीतून दाखवला आहे. जुना याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ करतो. ख्रिस्ताने एकदाच अर्पण केले आणि तो बसला (१०:११-१२). निवासमंडपाच्या सामानाची यादी काढून पाहा: दीपवृक्ष आहे, मेज आहे, धूपवेदी आहे, पण याजकाला बसायला आसन कुठेच नाही. काम संपतच नसे.

दुसरीकडे १ पेत्र २:९ सगळ्या विश्वासणाऱ्यांनाच 'राजकीय' (म्हणजे राजाचे) 'याजकगण' म्हणते. आणि तिसरीकडे आपल्याकडे फादर (कॅथलिक धर्मगुरू) आहेत, प्रेस्बिटर (दीक्षित सेवक) आहेत, पाळक आहेत, ज्यांच्यावाचून मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) किंवा प्रभुभोजन होत नाही. या तीन गोष्टींचा एकमेकींशी मेळ कसा घालायचा, यावर अध्याय-वचनांसह चर्चा व्हावी म्हणून हा धागा. सुरुवात लेवीय पुस्तकापासून करू. तिथला विधी नीट कळल्याशिवाय 'याजक' म्हटले की डोळ्यांपुढे फक्त झगा येतो.

रानजाई

लेवीय ८ मधला अहरोन व त्याच्या मुलांचा विधी क्रमाने मांडते. क्रमाला अर्थ आहे.

आधी मोशे त्यांना पाण्याने स्नान घालतो. मग अहरोनाला अंगरखा, कमरबंद, झगा, एफोद (खांद्यांवरून घ्यायचे वस्त्र), ऊरपट (छातीवरची पट्टी) आणि शेवटी मंदील व त्यावरचा सोन्याचा पट्टा. ऊरपटावर बारा रत्ने, बारा वंशांची बारा नावे. एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक गोमेदमणी, त्यांवरही सहा-सहा नावे (निर्गम २८). म्हणजे महायाजक आत जातो तेव्हा लोक त्याच्या खांद्यावर आणि छातीवर असतात. त्याच्या स्वतःच्या नावाचे रत्न कुठेही नाही.

मग तेल. निर्गम ३० मध्ये त्याचे प्रमाण दिले आहे: गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेखंड २५०, तज ५००, आणि जैतुनाचे तेल एक हिन. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर १६-१७ किलो मसाला आणि तेल जेमतेम चार लिटर. नुसते कालवून हे होणार नाही, अर्क काढावा लागतो; म्हणून तिथे 'गांध्याच्या' (अत्तर करणाऱ्याच्या) 'कसबाने' करायला सांगितले आहे. हे तेल घरी बनवायचे नाही, परक्याला लावायचे नाही.

त्यानंतर एक गोऱ्हा पापबली म्हणून, एक मेंढा होमबली म्हणून, आणि दुसरा मेंढा समर्पणाचा. या दुसऱ्या मेंढ्याचे रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतात. मग चरबी, उजवी मांडी, एक बेखमीर पोळी, एक तेलाची पोळी आणि एक पापडी हे सगळे अहरोनाच्या आणि त्याच्या मुलांच्या हातांवर ठेवतात, ओवाळतात आणि तिथून उचलून वेदीवर जाळतात. हात भरले जातात ते देऊन टाकण्यासाठी. सात दिवस दर्शनमंडपाच्या दाराशी राहायचे, बाहेर पडायचे नाही. काम सुरू होते आठव्या दिवशी.

आता लेवीय १४ उघडा. कुष्ठरोगी बरा होऊन छावणीत परत येतो तेव्हा त्याच्याही उजव्या कानाच्या पाळीला, हाताच्या व पायाच्या अंगठ्याला रक्त लावतात आणि त्याच ठिकाणी वर तेल. मोशेच्या अख्ख्या पाच पुस्तकांत हा लेप दोघांनाच आहे: वेदीपाशी जाणाऱ्याला आणि वेशीबाहेरून परत आलेल्याला. याजकपण म्हणजे 'जवळ आणणे' हे मला या दोन अध्यायांइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आणि याजकाचे काम फक्त यज्ञाचे नव्हते. पवित्र-अपवित्र यांतला भेद शिकवणे (लेवीय १०:१०-११), त्वचेचे चट्टे तपासून सात दिवस, गरज पडल्यास आणखी सात दिवस वेगळे ठेवणे (लेवीय १३), लोकांना आशीर्वाद देणे (गणना ६:२४-२६). तो रोग बरा करत नाही. बरा झाला की नाही ते जाहीर करतो. येशूने बऱ्या केलेल्या माणसाला 'जाऊन याजकाला दाखव' असे सांगितले (मार्क १:४४) ते यामुळेच. त्या जाहीर शब्दाशिवाय गाव त्याला आत घेणार नव्हते.

एकतारी

@रानजाई, उत्तम. बिघडले कुठे तेही लिहा. याजक एलीच्या मुलांचे उदाहरण घेण्याजोगे आहे.

रानजाई

हो. लेवीय ७ प्रमाणे शांत्यर्पणातले ऊर आणि उजवी मांडी याजकाची. चरबी देवाची, ती आधी जळायची. १ शमुवेल २ मध्ये एलीच्या मुलांचा नोकर तीन काट्यांचा आकडा घेऊन येतो, मांस शिजत असताना भांड्यात खुपसतो आणि वर येईल ते नेतो. पुढे तर चरबी जाळण्याआधीच कच्चे मांस मागतो. नाही दिले तर बळजबरी. दोष दोन आहेत. ठरलेला वाटा सोडून हवा तो घेतला, आणि देवाच्या आधी घेतला. परिणाम सतराव्या वचनात आहे: परमेश्वराचे अर्पणच तुच्छ लेखले गेले. याजकाची हाव लोकांची उपासना मारते.

दुसरे उदाहरण अहरोनाची मुले नादाब व अबीहू (लेवीय १०), त्यांनी आणलेला न सांगितलेला अग्नी. तिसरे राजा उज्जीया (२ इतिहास २६), धूप जाळायला स्वतः आत गेला आणि कपाळावर कोड घेऊन बाहेर आला. इस्राएलात राजा आणि याजक वेगळे ठेवले होते. म्हणूनच मलकीसदेक, जो दोन्ही होता (उत्पत्ती १४), स्तोत्र ११० मध्ये आणि तिथून इब्री पत्रात इतका महत्त्वाचा ठरतो.

एकतारी

माझा मुद्दा आता मांडतो. येशू यहूदा वंशातला. त्या वंशाविषयी मोशेने याजकपणाबाबत काहीच सांगितले नाही, हे इब्री ७:१४ स्वतःच कबूल करते. ८:४ तर म्हणते, तो पृथ्वीवर असता तर याजकही नसता. म्हणजे जुन्या पदाची ही बढती नाही, वंशपरंपराच संपली. मग नव्या करारातल्या मंडळीत कोण दिसतात? वडील, अध्यक्ष, सेवक. त्यांच्या पात्रतेच्या याद्या १ तीमथ्य ३ आणि तीत १ मध्ये आहेत: एका स्त्रीचा पती, अतिथिप्रिय, शिकवण्यात निपुण, मद्यपी नसावा, पैशाचा लोभी नसावा. यज्ञ करण्याचा उल्लेख एकाही यादीत नाही. यज्ञाची भाषा येते ती सगळ्यांसाठी: आपली शरीरे (रोम १२:१), स्तुती आणि दानधर्म (इब्री १३:१५-१६), फिलिप्पैकरांनी तुरुंगातल्या पौलाला पाठवलेली मदत (फिलिप्पै ४:१८).

म्हणून आमच्या स्वतंत्र मंडळ्यांत पाळक असतो, याजक नसतो. अहिल्यानगर भागातल्या मुक्तिफौजेने (सॅल्व्हेशन आर्मी) तर आणखी पुढची वाट धरली. तिथे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत, आणि स्त्री-पुरुष अधिकारी सारखेच.

वाघोलीकर

@एकतारी, तुमच्या यादीत रोम १५:१६ राहिले. तिथे पौल स्वतःच्या सुवार्तासेवेसाठी थेट याजकाची भाषा वापरतो. परराष्ट्रीय हे त्याचे अर्पण. आणि 'सगळेच याजक, मग वेगळे कशाला' हा प्रश्न नवा नाही. गणना १६ मध्ये कोरह २५० जणांना घेऊन मोशे व अहरोनाला हेच म्हणतो: सगळी मंडळी पवित्र आहे, तुम्हीच का उंच चढता? त्याचा आधार निर्गम १९:६ सारखाच आहे, 'याजकराज्य'. तरीही तो चुकला. सगळे राष्ट्र याजक असूनही त्यात अहरोनाचे घराणे होतेच. एक असले की दुसरे नको, असे शास्त्रात नाही.

कॅथलिक शिकवण नेमकी सांगतो, कारण ती बहुधा चुकीची सांगितली जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद १०) म्हटले की बाप्तिस्म्याने मिळणारे सामायिक याजकपण आणि गुरुदीक्षेने (धर्मगुरू होण्याच्या विधीने) मिळणारे सेवकीय याजकपण यांत फरक केवळ कमी-जास्तीचा नाही, स्वरूपाचा आहे. पण दोन्ही ख्रिस्ताच्या एकाच याजकपणात सहभागी आहेत आणि दोन्ही एकमेकांसाठी आहेत. फादर म्हणजे 'जास्त ख्रिस्ती' नव्हे. मिस्सात नवा यज्ञ होत नाही. तोच एक यज्ञ वेदीवर उपस्थित होतो. इब्री पत्रातले 'एकदाच' आम्ही पुसत नाही.

गुरुदीक्षेचा विधी असा. आधी डिकनपद (धर्मगुरूच्या खालची दीक्षा), त्यानंतर किमान सहा महिने. वय किमान २५ पूर्ण. आधी निदान पाच दिवसांचे एकांत-ध्यान. विधीच्या दिवशी नाव पुकारतात, उमेदवार 'उपस्थित' म्हणतो. बिशप विचारतात, हा योग्य आहे याची खात्री आहे का? लोकांकडून आणि प्रशिक्षकांकडून चौकशी झाल्याचे उत्तर मिळाल्यावरच पुढे. प्रवचन, वचने, मग बिशपांच्या हातांत हात देऊन आज्ञापालनाचे वचन. उमेदवार जमिनीवर पालथा पडतो आणि सगळी मंडळी संतांची लितानी (एकेका संताचे नाव घेऊन केलेली विनवणी) म्हणते. नंतर बिशप काहीही न बोलता डोक्यावर हात ठेवतात. मागोमाग उपस्थित सगळे धर्मगुरू एकेक करून. चर्चमध्ये शेकडो माणसे असली तरी हा वेळ पूर्ण शांततेत जातो. मग दीक्षेची प्रार्थना. पुढे स्टोल (गळ्यातली पट्टी) आणि चाझुबल (मिस्साचे बाहेरचे वस्त्र), तळहातांना क्रिझ्मा हे पवित्र तेल, हातांत तबकडी व चषक, शेवटी शांतीचे आलिंगन.

यातले अत्यावश्यक काय? हस्तारोपण आणि दीक्षेची प्रार्थना, एवढेच. मध्ययुगात चषक हातात देणे हाच गाभा आहे असे पुष्कळांचे मत झाले होते. पोप पायस बारावे यांनी १९४७ मध्ये तो संशय मिटवला. रानजाईंनी लिहिलेले अहरोनाचे भरलेले हात इथेही आहेत, पण दीक्षा त्यावर अवलंबून नाही.

कृष्णाकाठ

कोरहाचा दाखला वजनदार आहे, तरी तो मंडळीतल्या पदांवर बसवला कुणी आणि कधी, हे पाहणे भाग आहे. इसवी सन ९६ च्या सुमारास करिंथ इथल्या मंडळीने आपल्या वडिलांना पदावरून काढले, तेव्हा रोमहून क्लेमेंटच्या नावाचे पत्र गेले. त्यात महायाजक, याजक, लेवी आणि सामान्य जन यांच्या नेमून दिलेल्या जागा आणि अहरोनाची काठी यांचा दाखला दिला आहे. तिथेही दाखला सुव्यवस्थेसाठी आहे. वडिलांना 'याजक' म्हटलेले नाही. पुढे इग्नाशियसच्या पत्रांत (दुसऱ्या शतकाची सुरुवात) एक बिशप, वडील आणि डिकन अशी तीन पदे ठळक होतात. तिसऱ्या शतकात कार्थेजचा सिप्रियन, चषकात नुसते पाणी घेणाऱ्यांना विरोध करताना, म्हणतो की ख्रिस्ताने केले तेच करणारा याजक ख्रिस्ताच्या जागी असतो. याजकपणाची भाषा अशी पायरीपायरीने आली. माझ्या मते ती चूक नाही, पण ती मंडळीने विचारपूर्वक घेतलेली भाषा आहे हे मान्य करायला हवे.

लूथरच्या मताचाही विपर्यास होतो. १५२० मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिताना तो म्हणतो की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. आणि लगेच म्हणतो की जे सगळ्यांचे आहे ते सगळ्यांच्या संमतीशिवाय एकाने उचलू नये. 'सगळे याजक' म्हणजे 'कुणीही उठावे आणि प्रभुभोजन द्यावे' असे तो म्हणत नव्हता.

एकतारी

लूथरविषयी मान्य. आमच्या स्वतंत्र मंडळ्यांत हाच भाग विसरला जातो. संमती घेत नाहीत, १ तीमथ्य ५:२२ (घाईने कोणावर हात ठेवू नको) वाचत नाहीत, आणि मग एकाच माणसाच्या हाती शिकवण, हिशेब, शिस्त सगळे जाते. पद नाकारले तरी सत्ता येतेच, आणि पदाला जाब विचारण्याची जी सोय असते तीही जाते. वाघोलीकर, एक प्रश्न. पदावरचा माणूसच भ्रष्ट निघाला तर त्याने दिलेल्या संस्कारांचे काय?

वाघोलीकर

हा वाद उत्तर आफ्रिकेत झाला. ३०३ नंतरच्या छळात काहींनी पवित्र ग्रंथ शत्रूच्या हवाली केले. अशा एका बिशपाने कार्थेजच्या सेसिलियनला दीक्षा दिली असा आरोप झाला, आणि डोनाटसचा पक्ष म्हणाला की ती दीक्षा फोल. ३१४ च्या आर्ल धर्मसभेने ते मानले नाही. पुढे ऑगस्टिनने कारण दिले: बाप्तिस्मा पेत्र देवो की येशूला धरून देणारा यहूदा, देणारा ख्रिस्तच. माणसाच्या पापाने संस्कार बुडत नाही. नाहीतर कोणत्याही विश्वासणाऱ्याला कधीच खात्री नसती. मात्र याचा अर्थ त्या माणसाला पदावर राहू द्यावे असा मुळीच होत नाही. त्याच्याकडून धर्मगुरूचे काम आणि दर्जा काढून घेता येतो आणि घ्यावा. ही शिकवण लोकांच्या संरक्षणासाठी आहे, गुन्हेगाराच्या नाही.

विधीतला दोष मात्र वेगळा. ऑगस्ट २०२० मध्ये रोमने स्पष्ट केले की 'मी तुला बाप्तिस्मा देतो' ऐवजी 'आम्ही तुला' म्हटले तर बाप्तिस्मा होत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट धर्मप्रांतातल्या एका तरुण धर्मगुरूने आपल्या बालपणीच्या बाप्तिस्म्याचे चित्रण पाहिले. त्यात डिकन 'आम्ही' म्हणत होता. बाप्तिस्मा नाही म्हणजे दृढीकरण नाही, गुरुदीक्षाही नाही. त्याला सगळे संस्कार नव्याने घ्यावे लागले. त्याने केलेल्या मिस्सा, ऐकलेले पापनिवेदन, दिलेला रुग्णाभ्यंग (आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार) हे ग्राह्य नव्हते. पण त्याने दिलेले बाप्तिस्मे ग्राह्य राहिले, कारण बाप्तिस्मा द्यायला धर्मगुरूच असावा लागत नाही. कोणते काम दीक्षेवर उभे आहे आणि कोणते नाही, हे या एका प्रकरणात लख्ख दिसते.

कृष्णाकाठ

वेगवेगळ्या परंपरांची पदे एकत्र आणताना काय होते याचे आपल्या मातीतले उदाहरण नागपूरचे आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अँग्लिकन सेवकांना बिशपांच्या हातून दीक्षा होती. प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स यांना तशी नव्हती. दक्षिणेत १९४७ मध्ये चर्च ऑफ साऊथ इंडिया होताना सगळ्यांची पदे आहेत तशी मान्य करून पुढच्या दीक्षा बिशपांनी द्याव्यात असे ठरले. त्यामुळे दोन प्रकारचे सेवक बरीच वर्षे शेजारीशेजारी राहिले आणि बाहेरच्या अँग्लिकन मंडळ्यांनी संबंध जोडायला वेळ घेतला. नागपूरला म्हणून दुसरा मार्ग निवडला: प्रार्थनेसह परस्पर हस्तारोपण. कुणाच्या दीक्षेत काय कमी होते याचा निवाडा न करता, ज्याला जे हवे ते देवाने द्यावे अशी मागणी. काहींना ही संदिग्धता खटकली. मला ती प्रामाणिक वाटते. बिशपनेही डोके वाकवले आणि बाप्टिस्ट पाळकानेही.

अबोली_जालना

सगळे वाचतेय. एक रोजचा प्रश्न. खेड्यातल्या मंडळीत प्रेस्बिटर महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या रविवारी वडीलच उपासना चालवतात. त्यांनी काय करावे आणि काय टाळावे?

कृष्णाकाठ

वाचन, प्रार्थना, गीते, संदेश, अर्पण, विनवण्या हे सगळे करता येते. तिथेच सर्वांचे याजकपण प्रत्यक्ष दिसते. विनवण्या घाईत उरकू नका. गावातल्या आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, शेतीची नावे घ्या. ऊरपटावरची नावे तीच. टाळायच्या गोष्टी दोन. प्रभुभोजनाचे समर्पण करायचे नाही. आणि पापक्षमा व आशीर्वाद 'तुम्हांला' असे न म्हणता 'आम्हांला' असे म्हणायचे. २ करिंथ १३:१४ चा आशीर्वाद 'आपणा सर्वांबरोबर असो' म्हणून देता येतो. संदेश देणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची नावे महिनाभर आधी लिहून ठेवली तर एकाच माणसावर भार पडत नाही.

वाघोलीकर

कॅथलिक पद्धतही जवळपास अशीच. १९८८ च्या रोमच्या मार्गदर्शिकेत आहे. शब्दविधी करायचा, परवानगी असलेल्या व्यक्तीने आधीच्या मिस्साचा राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद (समर्पित भाकर) द्यायचा. ख्रिस्तप्रसादाच्या महाप्रार्थनेतली एक ओळही म्हणायची नाही. चालवणाऱ्याने धर्मगुरूच्या आसनावर बसायचे नाही.

@अबोली, संकटकाळचा बाप्तिस्मा वडिलांनाच नव्हे, घरातल्या प्रत्येकाला यावा. साधे पाणी, कपाळावरून वाहील इतके. ओल्या बोटाने नुसता स्पर्श पुरत नाही. पाणी ओततानाच म्हणायचे: 'मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.' ओतणारा आणि बोलणारा एकच हवा. नंतर तारीख, जागा, बाळाचे व आईवडिलांचे नाव आणि निदान एक साक्षीदार लिहून धर्मग्रामाच्या कचेरीत द्या, नोंदवहीत चढवून घ्या. बाळ वाचले तर चर्चमध्ये राहिलेले विधी होतात, पाणी मात्र पुन्हा ओतत नाहीत. झाला की नाही असा खरोखरचा संशय असेल तरच 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' असे म्हणून देतात.